ज्युलिएटचा प्रश्न आणि शेक्सपिअरचे आडनाव

नावाला फारसे महत्त्व देऊ नये असे कोणाला सुचवायचे असले, की शेक्सपिअरची साक्ष काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. लग्नपत्रिकेत चुकलेले नाव असो, गल्लीचा फलक असो, की विद्यापीठाचे नामांतर. कोणीतरी उठतो आणि नावात काही नसते असे खुद्द शेक्सपिअर सांगून गेला आहे, असे बजावतो. बजावणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा वाद मिटवल्याचे समाधान असते.

मीही ही साक्ष वर्गात अनेकदा काढली आहे. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात हजेरी घेत होतो. एका नव्या विद्यार्थ्याचे आडनाव वाचले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्या आडनावाचा शब्दशः अर्थ जरा गमतीचा होता. तसा तो मराठीतल्या शेकडो आडनावांचा असतो. वातावरण सैल करावे म्हणून मी शेक्सपिअरला बोलावले आणि पुढचा क्रमांक उच्चारला. तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, माझ्या नावाला कोणी हसले नाही. आडनावाला हसले." मला उत्तर सुचले नाही. घरी जाऊन 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला तो सज्ज्याखालचा प्रवेश पुन्हा काढून वाचला, तेव्हा लक्षात आले की ज्युलिएटचे म्हणणे त्या मुलाला माझ्यापेक्षा अधिक नेमके कळले होते.

ज्युलिएटच्या भाषणात रोमिओ हे नाव येते हे खरे. पण आपला वैरी म्हणून ती बोट ठेवते ते माँटेग्यू या शब्दावर. बाप नाकार आणि त्याच्याकडून आलेले नाव टाकून दे, नाहीतर मी माझे कॅप्युलेटपण सोडते, असे ती म्हणते. तिचा प्रश्न आडनावाविषयी आहे. आपण मात्र त्याचे 'नाव' असे मोघम भाषांतर करून टाकले आणि त्या प्रश्नातली सगळी धार बोथट केली. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच की हा प्रश्न आडनावाचा म्हणून वाचला पाहिजे. आणि तसा वाचायचा असेल, तर तो लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आडनावाचा इतिहास आधी डोळ्यांखालून घालणे फायद्याचे ठरेल.

मुळात इंग्लंडमध्ये आडनावे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. 1066च्या नॉर्मन स्वारीपूर्वी तेथल्या सामान्य माणसाला एकच नाव असे. स्वारीनंतर जमीनदार वर्गात, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत खालच्या थरांपर्यंत, दुसरे नाव जोडण्याची पद्धत पसरली. तिचे एक कारण उघड होते. विल्यम, जॉन, रिचर्ड, रॉबर्ट अशी मोजकी नावे इतकी लोकप्रिय झाली की एका गावात दहा जॉन निघू लागले. शेतसारा गोळा करणाऱ्याला, न्यायालयाच्या कारकुनाला आणि 1377 ते 1381 या काळात तीनदा लादलेल्या डोईपट्टीच्या वसुलीदाराला यातला नेमका जॉन कोणता हे लिहून ठेवणे भाग होते. साधारण 1400पर्यंत बहुसंख्य इंग्रज कुटुंबांत हे दुसरे नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. इंग्रजीतला 'सरनेम' हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ 'वर चढवलेले नाव' असा आहे. मराठीत आपण त्यालाच 'आड'नाव म्हणतो, म्हणजे आडवाटेसारखे मुख्य नावाच्या बाजूचे. दोन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे: हे नाव मूळचे नव्हे, मागाहून लागलेले आहे.

अभ्यासकांनी इंग्रजी आडनावांचे ढोबळमानाने चार गट पाडले आहेत. पहिला गट स्थळांचा. आपल्या प्रत्येक मराठी विभागाच्या कपाटात ज्याचा शब्दकोश असतो, त्या मोल्सवर्थचे आडनाव या गटातले. मोल्सवर्थ हे पूर्वीच्या हंटिंग्डनशरमधले, आता केंब्रिजशरमध्ये मोडणारे एक लहान गाव आहे आणि त्याचा अर्थ 'मूल नावाच्या माणसाचे कुंपण घातलेले आवार'. दुसरा गट नात्याचा. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. तिसरा गट धंद्याचा. स्मिथ लोहार, टेलर शिंपी. या गटात एक मौज आहे. विणलेले लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करण्याचा धंदा मध्ययुगीन इंग्लंडभर होता. पण तो करणाऱ्याला उत्तरेकडे वॉकर म्हणत, नैर्ऋत्येकडे टकर आणि आग्नेयेकडे फुलर. धंदा एक, आडनावे तीन. म्हणजे धंदा मोडीत निघाल्यावरही त्या त्या भागातल्या बोलीचा शब्द आडनावात टिकून राहिला. आज वॉकर आडनावाच्या माणसाचा कापडाशी काही संबंध नसतो, पण त्याच्या पूर्वजांच्या शेजाऱ्यांची बोली कोणती होती हे ते आडनाव बहुधा सांगते.

चौथा गट टोपणनावांचा, आणि शेक्सपिअर या गटातला. 'शेक' म्हणजे हलवणे, परजणे आणि 'स्पिअर' म्हणजे भाला. क्रियापद आधी आणि कर्म नंतर, अशी या जोडशब्दाची घडण आहे. त्या काळच्या इंग्रजीत या घडणीची टोपणनावे पुष्कळ होती. काठी फिरवणारा वॅगस्टाफ, भाला मोडणारा ब्रेकस्पिअर, पाणी पिणारा ड्रिंकवॉटर, फारसे काही न करणारा डूलिट्ल. पोपच्या पदावर बसलेला आजवरचा एकमेव इंग्रज, 1154 ते 1159 या काळातला चौथा एड्रियन, मूळचा निकोलस ब्रेकस्पिअरच. मराठी वाचकाला ही घडण परकी वाटू नये. आपल्याकडे क्रम उलटा असतो, कर्म आधी आणि क्रियापद नंतर. पण वाघमारे, डोईफोडे, पोटफोडे ही याच कुळातली आडनावे आहेत.

शेक्सपिअर हे नाव पहिल्यांदा कोणाला आणि का चिकटले असेल? भालाईत शिपायाला सरळपणे दिलेले ते नाव असू शकते. ऊठसूट भांडायला धावणाऱ्या माणसाला दिलेले असू शकते. प्रत्यक्षात भित्र्या असलेल्या माणसाची थट्टाही असू शकते. टोपणनावे उलट्या अर्थाने ठेवण्याची खोड सर्वच समाजांना आहे. वॅगस्टाफप्रमाणे याही नावात ग्राम्य सूचकता असावी, असेही काही भाषाभ्यासक मानतात. या शक्यतांमधून एक निवडण्याचे साधन आपल्या हाती नाही, आणि ते असण्याची फारशी गरजही नाही. महत्त्वाचे हे की टोपणनाव कोणी स्वतःला देत नाही. ते शेजारी देतात. म्हणजे या गटातले आडनाव हे आपल्याविषयी दुसऱ्याने केलेले एखादे जुने, एका वाक्याचे मत असते. ते वाक्य कोणत्या सुरात उच्चारले गेले होते हे मात्र काळाच्या ओघात पुसले जाते.

या आडनावाचा कागदोपत्री इतिहासही त्याच्या आजच्या वलयाशी जुळणारा नाही. उपलब्ध नोंदींमधली एक फार जुनी नोंद 1248ची आहे. ग्लॉस्टरशरमधल्या क्लॉप्टन गावचा विल्यम साक्स्पर नावाचा माणूस चोरीच्या गुन्ह्यात फाशी गेला, अशी ती आहे. हे गाव स्ट्रॅटफर्डपासून काही मैलांवरच. या फाशी गेलेल्या विल्यमचा आणि नाटककार विल्यमचा रक्ताचा संबंध असल्याचा पुरावा नाही. दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या दप्तरात 1487 साली ह्यू सॉन्डर नावाच्या एका सदस्याविषयी लिहिले आहे की त्याचे आधीचे नाव शेक्सपिअर होते, पण ते हलके समजले जाते म्हणून बदलण्यात आले. म्हणजे नाटककाराच्या जन्माच्या सत्त्याहत्तर वर्षे आधी, विद्येच्या प्रांतात वावरणाऱ्या एका माणसाला हे आडनाव अडचणीचे वाटले आणि त्याने ते टाकून दिले. आज जगातल्या प्रत्येक विद्यापीठात ज्या आडनावाच्या प्रश्नपत्रिका निघतात, ते आडनाव एकेकाळी एका विद्यापीठात लाजेचे कारण होते. माझ्या वर्गात जे घडले त्याला पाचशे वर्षांहून जुना दाखला आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

आता नाटककाराच्या घरात येऊ. आजोबा रिचर्ड हे स्निटरफील्ड गावचे शेतकरी. वडील जॉन स्ट्रॅटफर्डला येऊन हातमोजे शिवण्याच्या धंद्यात शिरले. 1552 साली घरापुढे उकिरडा केल्याबद्दल त्यांना दंड झाला आणि 1568 साली तेच गावचे नगरप्रमुख झाले. सही म्हणून ते खूण करीत. या घरात आडनावाचे स्पेलिंग एकच असावे असा आग्रह कोणाचाच नव्हता, कारण त्या काळात तो कुठेच नव्हता. 1564च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक रूप आहे, 1582च्या लग्नाच्या हमीपत्रात 'शॅगस्पिअर' असे दुसरे, आणि दरबारी करमणुकीच्या 1604-05च्या हिशेबात तर 'शॅक्सबर्ड' असे तिसरे. नाटककाराच्या स्वतःच्या ज्या सहा सह्या उरल्या आहेत, त्यांपैकी एकीतही आज आपण शिकवतो ते स्पेलिंग नाही. आजचे स्पेलिंग मुख्यतः छापील पुस्तकांतून रूढ झाले. त्यातही 1873 साली फर्निव्हल यांनी स्थापन केलेल्या संस्थेने वेगळे स्पेलिंग धरले आणि बर्नार्ड शॉ यांनी शेवटचा 'ई' गाळण्याचा हट्ट आयुष्यभर चालवला. मराठीत शेक्सपिअर, शेक्सपियर की शेक्सपीअर, यावर उत्तरपत्रिकेत गुण कापणाऱ्या आम्हा शिक्षकांनी या सहा सह्या एकदा पाहाव्यात.

1592 ते 1609 ही सतरा वर्षे या आडनावाच्या दृष्टीने विलक्षण आहेत. 1592 साली रॉबर्ट ग्रीनच्या नावाने निघालेल्या पुस्तिकेत नव्याने पुढे येणाऱ्या या नटाची 'शेक-सीन' म्हणून थट्टा झाली. भाला हलवणाऱ्या आडनावाला मोडून रंगमंच हलवणारा केला. थट्टा व्यक्तीची होती, पण हत्यार आडनाव होते. चार वर्षांनी, 20 ऑक्टोबर 1596 रोजी, जॉन शेक्सपिअर यांना कुलचिन्ह मंजूर झाले. ढालीवर सोनेरी भूमी, तिच्यावर तिरपा काळा पट्टा आणि त्या पट्ट्यावर भाला; वर भाला धरलेला ससाणा. ज्या शब्दाची चार वर्षांपूर्वी टिंगल झाली, आणि ज्याला ऑक्सफर्डात कमीपणाचा मानले गेले होते, त्या शब्दाचा सरळ, वीरश्रीयुक्त अर्थ घेऊन तो ढालीवर कोरण्यात आला. यापुढे मुलगा 'जंटलमन' म्हणवून घेऊ शकणार होता. यालाही विरोध झालाच. अशी चिन्हे नालायकांना वाटली गेली, असा आक्षेप राल्फ ब्रुक या कुलचिन्ह-अधिकाऱ्याने 1602 साली घेतला आणि त्याच्या यादीत नट शेक्सपिअरचे नाव होते.

पण या तारखेकडे पाहताना दुसरी एक तारीख विसरता येत नाही. 11 ऑगस्ट 1596 रोजी, म्हणजे कुलचिन्ह मिळण्याच्या सुमारे दहा आठवडे आधी, नाटककाराचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट पुरला गेला. तो अकरा वर्षांचा होता. आडनावाला प्रतिष्ठा मिळाली आणि ते पुढे नेणारा मुलगा घरात उरला नाही. भावांच्या वंशातही ते पुढे गेले नाही. 1616 साली नाटककार वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धाकटी मुलगी ज्यूडिथ हिच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. तिचे सासरचे आडनाव क्विनी. मुलाचे नाव तिने ठेवले शेक्सपिअर. शेक्सपिअर क्विनी. माहेरचे आडनाव पुढे नेण्याचा दुसरा मार्ग नव्हता, म्हणून ते मुलाचे नावच झाले. ते मूल पुढल्या मे महिन्यात गेले. 1670 साली नात एलिझाबेथ वारली आणि नाटककाराचा थेट वंश संपला. नावात काही नसते असे ज्याच्या नावावर आपण खपवतो, त्याच्या घरातली ही हकीकत आहे.

रक्ताच्या नात्यातून जे टिकले नाही ते छापखान्यातून टिकले, आणि तेथेही एक गंमत आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट' 1597 साली प्रथम छापले गेले, 1599 साली सुधारून पुन्हा छापले गेले, आणि दोन्ही वेळा मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव नव्हते. आडनावाची उलटतपासणी करणारे हे नाटक वाचकांच्या हाती पहिल्यांदा पडले ते आडनावाविना. पण 1598पासून त्याच्या इतर नाटकांच्या मुखपृष्ठांवर नाव झळकू लागले आणि ते खपते हे प्रकाशकांच्या ध्यानात आले. मग 1605चे 'द लंडन प्रॉडिगल' आणि 1608चे 'अ यॉर्कशर ट्रॅजेडी' ही नाटकेही त्याच्याच नावाने विकली गेली. आज ती त्याची मानली जात नाहीत. हलके म्हणून टाकलेले आडनाव शंभर-सव्वाशे वर्षांत दुसऱ्यांच्या मालावर चिकटवण्याइतके मोलाचे झाले. या सगळ्या काळात त्या शब्दाचा कोशातला अर्थ तसूभरही बदलला नव्हता.

हीच गोष्ट आडनावांचे अर्थ शोधणाऱ्यांच्या नेमकी लक्षात येत नाही. शेक्सपिअर हे फ्रेंच 'झाक पिएर'चे रूप आहे, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. तो इटालियन होता आणि त्याचे खरे आडनाव भाला हलवणारा याच अर्थाचे 'क्रोल्लालान्झा' होते, अशी दुसरी. अरबीत 'शेख झुबैर' हा विनोद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आणि विसाव्या शतकात काहींनी तो गंभीरपणे मांडला. आपल्याकडे 'शेषप्पा अय्यर' आहेच. सुदैवाने तो अजून विनोदच राहिला आहे. या सर्वांहून प्रतिष्ठित पंथ आहे तो हे आडनाव म्हणजे टोपणनावच आहे असे मानणाऱ्यांचा. भाला धारण करणारी ग्रीक देवता अथीना ही विद्येची देवता, तेव्हा भाला हलवणारा म्हणजे एखादा दडून बसलेला विद्वान उमराव, असा त्यांचा तर्क. 1609च्या सुनीतांच्या मुखपृष्ठावर आडनावाच्या दोन भागांत जोडरेघ आहे, तिलाही ते पुरावा मानतात. वस्तुतः जोडरेघेचे कारण खिळे जुळवणाऱ्याच्या अडचणीत असू शकते. तिरप्या ठशांतला 'के' आणि त्या काळचा लांब 'एस' शेजारी आले की त्यांची टोके एकमेकांवर आदळून खिळा मोडण्याचा धोका असे. मध्ये 'ई' किंवा रेघ घातली की तो टळे. आणि मुख्य म्हणजे वॉरिकशरच्या आसपास हे आडनाव या नाटककाराच्या आधी तीनशे वर्षे नांदत होते. जे नाव बाप, आजोबा आणि एक फाशी गेलेला चोर लावत होता, ते गुप्तनाम कसे असेल?

या पंथाचा एक मोठा ग्रंथ 1920 साली निघाला. त्याने ऑक्सफर्डच्या सतराव्या अर्लला खरा कर्ता ठरवले. लेखक एक शाळामास्तर होते आणि त्यांचे आडनाव लूनी. इंग्रजीत 'लूनी' उच्चाराच्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ वेडपट असा होतो. या आडनावाचा त्या शब्दाशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पण तेव्हापासून आजवर त्यांच्या सिद्धान्ताची चर्चा निघाली की कोणीतरी त्या आडनावावर विनोद करून मोकळा होतो. मला लूनी यांचा सिद्धान्त पूर्णपणे चुकीचा वाटतो. पण तो खोडायचा तर नोंदी, सह्या, समकालीनांच्या साक्षी यांनी खोडावा. आडनावाला हसून खोडणारे विद्वान आणि माझ्या वर्गातले मागचे बाक यांत मला फरक दिसत नाही. लूनी यांनी शेक्सपिअरच्या आडनावातून माणूस ओळखू पाहिला. त्यांचे विरोधक लूनी यांच्या आडनावातून तेच करतात. चूक एकच आहे.

आता ज्युलिएटकडे परत जाऊ. गुलाबाला काहीही म्हटले तरी त्याचा सुगंध बदलत नाही, हा तिचा युक्तिवाद आपण पाठ केला आहे. तो गुलाबापुरता निर्दोष आहे. पण गुलाबाला घराणे नसते, आणि त्याच्या नावाने कोणी तलवार उपसत नाही. व्हेरोनात काय होते ते नाटक पहिल्याच प्रवेशात दाखवते. रस्त्यावर मारामारी सुरू करतात ते दोन्ही घरांचे नोकर. म्हणजे जे आडनाव त्यांचे स्वतःचे नाहीच, त्यासाठी ते रक्त सांडायला निघतात. मेजवानीत टिबॉल्ट रोमिओला ओळखतो तो नुसत्या आवाजावरून, आणि ओळखतो तो माणूस म्हणून नव्हे, माँटेग्यू म्हणून. पुढे मर्क्युशिओ जातो, टिबॉल्ट जातो. तिसऱ्या अंकात, हद्दपारीची शिक्षा झालेला रोमिओ मठात धर्मगुरूपुढे आक्रोश करतो, तेव्हा तो विचारतो की माझ्या या शरीरात ते नाव नेमके कोणत्या भागात राहते, म्हणजे तेवढा भाग कापून टाकता येईल. आणि शस्त्र उपसतो. ज्युलिएटच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. नाव हा हात, पाय किंवा चेहरा यांसारखा माणसाचा अवयव नव्हे, असे ती सज्ज्यावरून म्हणाली होती. रोमिओला कळून चुकले आहे की तो अवयव नाही, म्हणूनच तो कापता येत नाही. आपण पहिला प्रवेश उद्धृत करतो आणि दुसरा विसरतो. शेक्सपिअरचे मत म्हणून जे आपण फिरवतो, ते त्याच्या एका तेरा-चौदा वर्षांच्या पात्राची उत्कट इच्छा आहे, आणि त्याने लिहिलेल्या शोकांतिकेने ती पुरी होऊ दिलेली नाही.

मराठी रंगभूमीने शेक्सपिअर आणला तेव्हा त्याची पात्रे बेधडक बदलली. 1883 साली आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, 1890 साली देवलांनी ऑथेल्लोला 'झुंझारराव' केले. पात्रांची नावे इतक्या सहज बदलणारे आपण आडनावाच्या बाबतीत मात्र वेगळे वागतो. समोरच्याने नाव सांगितले की आपले समाधान होत नाही, "पूर्ण नाव?" असे विचारतो, मग "मूळ गाव कोणते?" हे प्रश्न शब्दार्थासाठी नसतात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. आडनावावरून जात हुडकण्याची ही सवय ज्या समाजात इतकी मुरलेली आहे, त्या समाजात ज्युलिएटचा प्रश्न शिकवताना 'नाव' हा सौम्य शब्द वापरणे मला आता अप्रामाणिकपणाचे वाटते. आणि नावात काही नसते ही साक्ष बहुतेक वेळा ज्याच्या आडनावाला कोणी कधी हसलेले नाही, तोच काढतो, हेही सांगितले पाहिजे. मी स्वतः त्यात होतो.

आडनावांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास करू नये असे मी म्हणत नाही. तो जरूर करावा. इंग्रजीत पी. एच. रीनी यांचा 1958चा कोश आणि 2016 साली ऑक्सफर्डने काढलेला ब्रिटन-आयर्लंडमधील कुलनामांचा मोठा कोश पाहिला, की हे काम किती चिकाटीचे आणि किती उपयोगाचे असते ते कळते. त्यातून बोली कळतात, धंदे कळतात, स्थलांतरे कळतात, जुन्या लोकांची विनोदबुद्धी कळते. पण त्यातून आज ते आडनाव लावणारा माणूस कळत नाही. शेक्सपिअरने भाला हलवल्याचा पुरावा नाही; वॉकर कापड तुडवत नाही. आडनावाचा अर्थ भूतकाळातल्या शेजाऱ्याचा असतो, आणि आडनावाची किंमत वर्तमानातला समाज ठरवतो. या दोन्हींपैकी एकाचीही जबाबदारी ते आडनाव लावणाऱ्यावर नसते. ही गोष्ट वर्गात शिकवण्यासाठी मर्टन कॉलेजच्या दप्तरातल्या त्या एका ओळीपेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

तो मुलगा तीन वर्षांनी पदवी घेऊन गेला. त्याला मी ह्यू सॉन्डरची गोष्ट सांगू शकलो नाही, कारण ती मी वाचली तोवर तो महाविद्यालयातून बाहेर पडला होता. आता दर जूनमध्ये पहिल्या हजेरीच्या तासाला मी ती सांगतो आणि मग हजेरी घेतो. वर्ग अजूनही कधीकधी हसतो. पण शेक्सपिअरची साक्ष मी त्यासाठी काढत नाही. काढलीच, तर तिसऱ्या अंकातली काढतो.